रस्त्यापलीकडची खोली

(दारात भावाचा टेम्पो उभा. ताई लेकीच्या खोलीवर राहायला निघालीय. भाऊ तिच्या बांधून ठेवलेल्या ट्रंकेवर बसलाय.)

भाऊ: ऐक गं ताई, एक गंमत सांगतो. तुझ्या लेकीच्या प्रयोगशाळेतली. मग निघू.

ताई: आधी ऊठ. आत काचेच्या बरण्या आहेत.

भाऊ: ऐकल्याशिवाय हलत नाही. पोरीच्या यंत्रात अणू कोंडलेत. त्यांना उजेड पाजायचा, की ते तो ओकतात.

ताई: शी! बोलणं बघ.

भाऊ: एकेकटा असला तर मनाला येईल तेव्हा, नुसता मिणमिण. जवळ असले की सगळे एका सुरात. लख्खकन! पोरीला वाटलं, आणखी दाटीनं बसवू, आणखी लख्ख पडेल.

ताई: बरोबरच वाटलं.

भाऊ: बसवले. तर झाला पसरट, मळका उजेड. थोडा तर आतच अडकला, मागाहून पाझरला.

ताई: यंत्र बिघडलं असेल.

भाऊ: तिनं खोलून पाहिलं. ठणठणीत! फार खेटले की अणू एकमेकांना ढोसतात म्हणे. मधल्याला दोन्हीकडून, कडेच्याला एकाच बाजूनं. मग ज्याचा त्याचा सूर निराळा. कसलं लख्ख नि कसलं काय!

ताई: रडली असेल पोर.

भाऊ: हसली. म्हणाली, मामा, प्रबंधात आता हेच लिहिणार.

ताई: माझ्याशी फोनवर हसत नाही ती.

भाऊ: कामात असते गं.

ताई: कळलं मला. आईला आणू नकोस म्हणून पाठवलंय तुला.

भाऊ: छे! तुझी खाट मावावी म्हणून टेबल बाहेर पॅसेजमध्ये काढलंय तिनं. तिथंच लिहीत बसते, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात.

ताई: टेबल बाहेर?

भाऊ: हं.

ताई: म्हणजे मी इथं एकटीनं मिणमिणायचं?

भाऊ: तसं कोण म्हणतंय? लांब ठेवले तरी जमत नाही, म्हणते ती. जवळच हवेत. नुसते खेटून नकोत.

ताई: मग काय, मोजपट्टी आणू?

भाऊ: तिच्या दारातला रस्ता ओलांडला की माझं घर. तुझी भावजय गेल्यापासून मागची खोली उघडलेली नाही मी.

ताई: म्हणजे तुझ्याकडे राहू?

भाऊ: पोर येईल जेवायला. मीपण असतोच की.

ताई: तुला आयता स्वयंपाक हवाय, असं सांग सरळ.

भाऊ: तो तर हवाच.

ताई: ऊठ आता. बरण्या फुटतील.

भाऊ: उठतो. पण ताई, ही ट्रंक माझ्याकडे उतरवू दे ना.