गुरुवारची सुट्टी

मंडळी, दादांच्या शोकसभेला तुम्ही आलात. कामं टाकून, उन्हातून आलात. मी बोलावं असं घरात ठरलं, कारण मी शाळेत शिकवते, मला बोलायची सवय आहे. ती सवय आज उपयोगी पडत नाही. मला अजून रडूही आलेलं नाही. तरी बोलते.

दादा माझे थोरले दीर. साखर कारखान्यात सुपरवायझर होते, हे तुम्हाला माहीत आहे. घरही त्यांनी कारखान्यासारखं चालवलं, हेही माहीत आहे. तुम्ही त्यावर हसलात. आम्हीही हसलो.

नव्वदच्या सुमाराला मी लग्न होऊन कुरुंद्याला आले. दर रविवारी दादा ओसरीवर मीटिंग घ्यायचे. सासूबाईंपासून लेकरांपर्यंत सगळे बसायचे. कामं वाटली जायची. ज्याच्याकडे जे काम, त्यात त्याचाच शब्द शेवटचा. स्वयंपाकघर अक्काकडे होतं. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, दादांची बायको. भाजी कोणती, हे ती ठरवायची. दादा निमूट जेवायचे.

अशाच एका मीटिंगमध्ये त्यांनी बायकांना साप्ताहिक सुट्टी लावली. अक्काला गुरुवार, मला रविवार.

सासूबाई म्हणाल्या, "चुलीला कधी सुट्टी असती का रे?"

"चुलीला न्हाई माय, बाईला."

"तुझ्या बापानं न्हाई दिली मला."

"म्हून तर तुझे गुडघे गेले. तुला बी देतो. कोणता वार पायजे?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग दादा म्हणाले, "कारखान्यात माणूस थकतो हे धरून चालतात. घरात काहून धरत न्हाईत?"

पहिल्याच गुरुवारी पाहुणे आले. दादांनी स्वतः पिठलं केलं. ते खाली लागलं.

पाहुण्यांनी विचारलं, "वहिनी आजारी हायेत का?"

"न्हाई. सुट्टीवर हायेत."

"कुठं गेल्या?"

"कुठंच न्हाई. त्या खोलीत हायेत."

अक्का खोलीत बसून ऐकत होती. पुढच्या गुरुवारपासून ती हट्टा गावाला बहिणीकडे जाऊ लागली. घरात बसून भांड्यांचे आवाज ऐकवत नाहीत, म्हणाली. सकाळच्या बसनं जायची. दुपारी तिथं झोपायची. संध्याकाळच्या बसनं परत यायची. गावात पोरं म्हणायची, अक्का निघाली, कारखान्याचा भोंगा वाजला. तिनं मनावर घेतलं नाही.

नियम एवढाच होता. सुट्टीवरच्या माणसाला बोलवायचं नाही. काही झालं तरी नाही. एकदा बोलावलं की ती सुट्टी राहत नाही, असं दादा म्हणायचे.

मंडळी, तो दिवसही गुरुवार होता.

सकाळी दादा ओसरीवर बसले होते. घाम आला होता. छाती भरून येऊन राहिली, म्हणाले. माझ्या मालकांनी जीप आणली. मी म्हटलं, हट्ट्याला फोन करते.

"फोन नको. आज गुरुवार हाय. सांजी येईलच की ती."

आम्ही फोन केला नाही. बाहेरच्या कुणाला हे पटायचं नाही. आमच्या घरात ते बराबर होतं.

वसमतला दाखवलं. तिथून नांदेडला न्या म्हणाले. नांदेड यायच्या आत दादा गेले.

संध्याकाळी अक्का बसमधून उतरली. हातातल्या पिशवीत बहिणीनं दिलेली वांगी होती. स्टँडवर माणसं उभी होती. तिनं विचारलं, "कुणाकडं काय झालं?"

मंडळी, त्यानंतरचं मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच बोलता आहात. सुट्टीनं घात केला. बाई, तू घरी असतीस तर. तिच्याशेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन बोलता आहात. ती उठते आणि चहा टाकते.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात होती. मी म्हटलं, अक्का, गुरुवार आहे. "आता कशाचा गुरुवार?" म्हणाली. तांदूळ धूत राहिली.

घरी कोणीही असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं की धीर द्यायला होतं, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की या तालुक्यात एक बाई वर्षानुवर्षं दर गुरुवारी बसनं जाऊन दुपारी झोपली. घर चालवण्याचे दादांचे बाकीचे नियम राहतील, न राहतील. हा सुट्टीचा राहावा. तो मोडला तर तो तिच्या हातूनच मोडेल, आणि तुमच्या बोलण्यानं मोडेल.

म्हणून एक मागते. उद्या गुरुवार आहे. हट्ट्याला ती उद्या जाईल असं मला वाटत नाही. तुम्ही भेटायला याल. या. चहा मी करीन, माझे मालक करतील. अक्का उठली तर बायांनो, तिला म्हणा, बस. आणि "तू घरी असतीस तर" हे कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत आणू नका.

दादांसाठी दोन मिनिटं उभं राहायला मी सांगत नाही. आहात तसे बसा. अक्का पहिल्या रांगेत बसली आहे. ती उठेपर्यंत कुणी उठू नये. कुणी बोलू नये.