यष्टिरक्षकाच्या कपाळावरचा पिवळा ठिपका

नाव रणोजीराव पवार, वय ६८, धंदा निवृत्त ऑफसेट मशीनमन, राहणार नजरबाद, म्हैसूर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, उपनिरीक्षक चैत्रा मॅडम बेळगावकडच्या असल्याने जबाब मराठीत घेत आहेत. बरं झालं, नाहीतर कन्नडमध्ये माझी कबुली अर्धीच झाली असती.

माझे प्रेसमधले जुने सोबती शिवाजीराव यांची मुलगी नव्या हिच्याविरुद्ध काल तक्रार आली. तक्रारदार अनुराग कुलकर्णी हे नाशिकहून आलेले संगणक अभियंता. नव्याने त्यांना १९९८ सालचं एका यष्टिरक्षकाचं क्रिकेट कार्ड विकलं. ते परदेशी तपासून, दहापैकी नऊ गुण घेऊन, प्लास्टिकच्या बंद डबीत आलेलं. यष्टिरक्षकाच्या कपाळावर पिवळा ठिपका आहे. अनुराग यांच्या मित्राच्या कार्डावर तो नाही. म्हणून नव्याने डबी फोडून नकली कार्ड आत घातलं, असा त्यांचा आरोप. पोरगी कालपासून जेवलेली नाही.

कार्ड अस्सल आहे. ते आमच्या प्रेसमध्ये छापलं आणि ठिपका माझा आहे.

त्या वर्षी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मशीन बंद ठेवलं, तेव्हा अर्ध्या कागदांवर लाल शाई चढायची राहिली होती. बाकीचे लोक हळदकुंकू मशीनच्या हँडलला लावतात. मला शहाणपण सुचलं आणि मी चांगला गोळाभर गंध थेट सिलिंडरवरच्या रबराला लावला. शिवाजीराव म्हणाला, "रबरावर नको रे, रणोजण्णा, सुम्ने, उगाच खड्डा पडेल." मी ऐकलं नाही. रात्रीत गंध वाळून खडा झाला. सकाळची पाळी शिवाजीरावची. त्याने मशीन दाबावर घेतलं आणि रबराला खड्डा पडला. तिथे लाल उठेना, खालचा पिवळा तेवढा राहिला; आदल्या दिवशी लाल चढलेल्या अर्ध्या कागदांवर ठिपका नाही.

मालकाने विचारलं, कोणी केलं? मी गप्प बसलो. शिवाजीरावही गप्प बसला. त्याला मशीनवरून काढून बाइंडिंगला बसवलं, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. मला माझ्या त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

पुरावा म्हणून त्याच छपाईचा न कापलेला एक रद्दी कागद आणला आहे. तो सत्तावीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरलेला होता. सगळे डबे उतरवावे लागल्याने माझी पत्नी गिरिजाबाई मला काय काय बोलली, ते जबाबात घेऊ नये. कागदावर त्याच यष्टिरक्षकाच्या कपाळी तोच ठिपका आहे. अनुराग यांनी भिंगातून दोनदा पाहिलं, नव्याची हात जोडून माफी मागितली, तक्रार मागे घेतो म्हणाले, आणि आता त्या कागदासाठी माझ्या मागे लागले आहेत. परदेशातल्या परीक्षकांनी एक गुण ठिपक्यासाठी कापला असेल, तर तो माझा कापावा, नव्याचा नव्हे.

शिवाजीराव बाहेर बाकावर बसला आहे, त्याला कमी ऐकू येतं. म्हणून हा जबाब खिडकीपाशी उभं राहून मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. मॅडमनी तसा वाचला. सांगितल्याप्रमाणेच लिहिलं आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडण्याआधी बाहेरून शिवाजीराव ओरडला, "करेक्ट आहे! सही कर की रे लवकर, काफी प्यायला जायचंय."

सही केली.

(रणोजीराव पवार)