सल्ल्याला लायसन्स

चहा गार झाला तरी चालेल, आधी हे ऐका. मी रीतसर शिकलेली डाएटिशियन. सातपूरच्या एका पेशंटची किडनी अधू, म्हणून त्याचं प्रोटीन कमी केलं. तर हा गेला गल्लीतल्या 'वेलनेस कोच'कडे! परवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकायचा तो. त्याने डबाभर प्रोटीन पावडर सुरू केली.

मी तडक अन्न-औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रार करायला गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, वडापावच्या गाडीला लायसन्स लागतं. नुसत्या सल्ल्याला कसलं लायसन्स?"

काल पेशंटच्या बायकोचा फोन. "मॅडम, ह्यांना डायलिसिसला लावलंय. कोच सर म्हणतात, घाबरू नका, अंगातली घाण बाहेर पडतेय. पावडर चालूच ठेवू ना?"