वाढत्या अंगाचा पतंग

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बर्फावर पायात स्की घालून पतंगाच्या ओढीने धावायच्या शिबिरात माझी निवड झाली. सरांनी बजावलं होतं, "पहिला पतंग लहानच घे. मोठा आवरत नाही." हैदराबादच्या दुकानात बाबा म्हणाले, "मोठाच द्या. पोरीचं वाढतं अंग हाय, पुढच्या सालीबी कामी येईल."

मी हळूच म्हटलं, "बाबा, लहान."

"तुले काय समजते? गप राह्य."

आमच्या मावला गावी परतल्यावर मोकळ्या शेतात आधी बाबांनीच दोऱ्या धरल्या. वारा सुटला आणि पतंगाने त्यांना ढेकळांवरून थेट बांधापर्यंत फरफटत नेलं. उठून त्यांनी माझ्यासमोरच दुकानदाराला फोन लावला, "भाऊ, लहान द्या बदलून. पोरीनंच हट्ट केला न मोठ्याचा!"