जाव्यातले नारळ

पारनेरच्या स्टँडवर नगरची गाडी येईना, म्हणून यामिनीचा जीव नुसता खाली-वर होत होता. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा दीर बोलत होते.

"वैनी, तुमच्या अमृतनं जावा बेटावर घर बांधलं म्हनं?"

"व्हय, खेड्यात. गाव आपल्यासारखंच हाय म्हनला."

"आन् जमीन?"

"बायकोच्या नावावर. ती तिथलीच ना! परक्याला घेता येत न्हाई."

"पैका ह्याचाच?"

"समदा."

"मंग हिकडं कवा यायचा?"

"दोन वर्सांनी, कायमचा."

"जमिनीत लावलंय काय?"

"नारळ. सोता खड्डं खनून लावलेत. फोनवर दाखिवलं मला."

"वैनी, परतायचं असंल त्यो मिरची लावतो. नारळ न्हाई लावत."

यामिनीने मागे वळून पाहिलं. म्हातारी दिरावर खेकसली,

"मला काय सांगताय? आदी गाडीचं इचारून या!"