बेस्तरवारचे वाटे

माझं नाव चांदबी, बागवानाची, आन जन्म उदगीरचा, हे आधी लिहून घ्या ताई, कारण पुढं मी चिडले की मला काही ध्यानात राहत न्हाई, आन आज मी चिडूनच सांगणार हाय. चहा ठेवलाय तुमच्यापुढं, घेत चला. तर आम्ही बागवान, म्हणजे भाजी-फळांचा धंदा करणारे, सात पिढ्यांपासून. आमच्या घरात पोर जन्मली की आधी तिच्या नाकाखाली मेथीची काडी धरतात, शिंकली तर आपली, न्हाई शिंकली तर दवाखान्यात बदलली समजायचं. माझे अब्बा टरबुजाला एक टिचकी मारून आत बिया किती ते सांगायचे. एका तलाठ्यानं मुद्दाम फोडून मोजल्या तर एक बी कमी भरली, तो लागला हसायला, तर अब्बा म्हणले, साहेब, हसलात ते बरं केलंत, दातात बघा. दातात निघाली. आन माझ्या दादीनं एक भोपळा कडीला टांगून तीन वर्षं ठेवला होता, तेवढ्यात माझ्या दोन फुप्प्यांची, म्हणजे आत्यांची, लग्नं झाली, तिसरीच्या लग्नात तो चिरला, तर लोक म्हणले सकाळीच तोडलेला दिसतो. खोटं वाटत असेल तर उदगीरला जाऊन विचारा. खाणारे सगळे मेले, पण विचारा.

सांगायचं इतकंच की भाजी विकणं कुणालाही येतं, ठेवणं येत न्हाई. ठेवणं ही आमची विद्या. लग्न होऊन मी लातूरला आले, मालकाचा हातगाडा होता, आम्ही दोघांनी लई वर्षं चालवला, मग मालक गेले, माझे गुडघे गेले, गाडा अंगणात उभा राहिला आन त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या. राहिली एक खोली. ही बघा, पाठीमागची. भिंती दगडाच्या, दोन हात रुंद, खाली शेणानं सारवलेली भुई, दार उत्तरेला. मालक हिच्यात आंब्याची अढी घालायचे. मे महिन्यात मांजर आत गेलं तर बाहेर येऊन स्वेटर मागतं, अशी थंड.

पाच-सहा वर्षांखाली आमच्या मागच्या कॉलनीतल्या सुलभा मॅडम आल्या, कॉलेजात शिकवायच्या, आता रिटायर. म्हणल्या, चांदबी, देवणीकडं एक कोंडाबाई म्हणून शेतकरीण हाय, औषध न मारता भाजी पिकवते, आम्ही बावीस घरं मिळून तिच्याशी ठरवून राहिलो, हंगामाच्या आधीच तिला पैसे देऊन टाकायचे, मग रानात येईल ते सगळ्यांचं, जास्त आलं तर जास्त, गारपीट झाली तर सगळ्यांचीच झाली, दर गुरुवारी भाजी येईल, पण उतरवायची कुठं, ठेवायची कुणी. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही विहिरीपाशी येऊन पाणी कुठं म्हणून विचारूलालाव.

तेव्हापासून दर बेस्तरवारी, म्हणजे तुमच्या गुरुवारी, सकाळी काळी-पिवळी जीप दारात लागायची, टपावर कोंडाबाईची पोती. मी दिवस निघायच्या आधी भुईवर पाणी शिंपडून ठेवायची. पोतं सोडलं की आधी मुळ्याचा पाला तोडायचा, न्हाईतर पाला मुळ्याला पिऊन टाकतो. गाजरं वाळूत. मेथी, शेपू, अंबाडी ओल्या गोणपाटात, पण धुवायची न्हाई, मातीसकट, माती म्हणजे भाजीची गोधडी हाय, ती काढली की तिला हुडहुडी भरते. कोथिंबीर बुडख्यापुरत्या पाण्यात उभी, वरातीतल्या नवरदेवासारखी. वांगी सावलीला उघडी. कांदे एका कोपऱ्यात, बटाटे दुसऱ्या, दोघांना शेजारी ठेवलं की दोघंही बिघडतात, माझ्या जावांसारखे. आन पेरू लांब, लई लांब, पेरू पिकला की त्याच्या वासानं शेजारची पालेभाजी पिवळी पडते.

मग संध्याकाळी वाटे. बावीस घरांचे बावीस आन सांभाळणारीचा म्हणून माझा एक. वाटे घालायची आमची बागवानांची रीत मी ह्यांना शिकवली. अब्बा आन माझे चाचा बाजार उठल्यावर उरलेला माल असाच वाटायचे. ढीग घालायचे, एकानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्यानं एका ढिगावर हात ठेवून विचारायचं, हा कुणाचा. भिंतीकडल्यानं एक नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा, मग किडका निघो न्हाई तर लुसलुशीत, तोंड वाकडं करायचं न्हाई. भिंतीकडं सुलभा मॅडम, ढिगावर मी. पाच वर्षांत कुणी चकार शब्द काढला न्हाई.

आता चिडायचं ते इथून. कॉलनीत वैशालीताई राहायला आल्या, बावीस घरांतलं एक सोडून गेलं त्याच्या जागी. चांगल्या हाईत, चाची चाची करतात. संक्रांत झाली आन एक दिवस मोबाईलवर त्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये वैशालीताईंचं लिहून आलं की स्वच्छतेच्या दृष्टीनं भाजीची व्यवस्था सोसायटीच्या ऑफिसात करू, तिथं काचेच्या दाराचं थंड कपाट हाय. स्वच्छतेच्या दृष्टीनं. काय सांगू तुम्हाला, त्या दृष्टीनं मी माझी खोली चार वेळा बघितली, मुंगीसुद्धा पाय पुसून आत येत होती. मी सुलभा मॅडमला विचारलं, खरं काय ते सांगा. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणल्या, चांदबी, वैशालीचा गुरुवारचा उपास असतो, ती म्हणते त्या घरात काय काय शिजतं, भाजीला वास लागतो.

वास. ताई, बेस्तरवारी माझ्या घरात चूल पेटत न्हाई. पहाटेपासून मी ह्यांच्या मेथीपुढं उकिडवी बसलेली, बुधवारची शिळी भाकर चटणीसंगं खाते, तीही उभ्यानं. पाच वर्षं ह्या हातानं तोडलेला मुळा ह्यांनी किसून दह्यात खाल्ला तेव्हा वास न्हाई आला. मी त्या दिवशी इतकी चिडले की दारातल्या शेवग्याच्या शेंगा वाळल्या. तोंडावर म्हणली असती की चाची मला तुमच्या घरातलं चालत न्हाई, तर मी म्हटलं असतं बरं बाई, तुझ्या तोंडाची मालकीण तू. पण माझ्या खोलीवर घाण म्हणून शिक्का मारून जायचं, हे न्हाई. इज्जत म्हणून काही चीज असते.

मी बोलले न्हाई. फक्त म्हटलं, वाटा माझा येत राहू द्या. पुढच्या बेस्तरवारी जीप माझ्या दारावरून सरळ ऑफिसात गेली. सुलभा मॅडमनी माझा वाटा आणून दिला, तोंड खाली घालून. मी तो माझ्या रीतीनं ठेवला. आन तिकडं काय केलं ह्या शहाण्यांनी, सगळी भाजी सोडा टाकून पाण्यात खळखळून धुतली. पालेभाजीला आंघोळ. मग ओलीच प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून वर गाठी मारल्या, जशी काही भाजी पळून जाणार होती. पेरू, मेथी, वांगी, मुळे पाल्यासकट, सगळे एका कपाटात. वर लाईट रोज दुपारी दोन-दोन तास जाते, मग ते थंड कपाट म्हणजे शेकत ठेवलेली पेटी. कुणी घरी नेलं, कुणी म्हणलं राहू द्या तिथंच, थंड हाय, रविवारी नेऊ.

रविवारी कपाट उघडलं तर म्हणे सेक्रेटरी साहेब तीन पावलं मागं सरकले. अंबाडीचं सरबत झालं होतं. मग पुन्हा ग्रुपमध्ये लिहून आलं, आन ह्यावेळी कुणावर, तर कोंडाबाईवर. बाई खराब माल पाठवू लागली, पुढच्या हंगामाला आपण थांबावं का, येत्या रविवारी मीटिंग. अंगठे वर करायला लागले लोक, एक, दोन, आठ.

कोंडाबाईला कुणीतरी कळवलं. ती दुसऱ्या बेस्तरवारी पोत्यांसंगं जीपमधून आली आन ऑफिसात पोती उतरवून माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. रडली न्हाई, ओरडली न्हाई. म्हणली, भाबी, तुमच्या लोकांच्या बोलीवर मी सोयाबीन सोडून सगळं रान भाजीला घातलं, उन्हाळी दोडका, कारलं लावून बसले, आता ही पोती कुणाच्या दारात उतरवू ते तरी सांगा. माझ्या खोलीसाठी मी गप बसले होते ताई. पण ह्या बाईचं रान माझ्या गप बसण्यानं जाणार असेल तर ते गप बसणं काय चुलीत घालायचं. तिला म्हटलं, भाकर खा आन जा. रविवारचं मी बघते.

रविवारी सकाळी मी टोपलं डोक्यावर घेतलं, गुडघ्यांना म्हटलं आजच्या दिवस चला, आन ऑफिसात गेले. पंधरा-सोळा माणसं खुर्च्यांवर. सेक्रेटरी साहेब म्हणले, चाची, ही सभासदांची मीटिंग हाय. म्हटलं, साहेब, तेविसावा वाटा माझा, बसू का उभी राहू. टोपल्यावरचं फडकं काढलं. ह्याच बेस्तरवारचा माझा वाटा, त्याच पोत्यांतला, त्याच जीपचा, चौथ्या दिवशीचा. मेथी अशी की बकरी बघती तर कुराणावर हात ठेवून म्हणली असती आत्ताच तोडली. वांग्यावर तोंड दिसत होतं. मग म्हटलं, आता उघडा तुमचं कपाट. उघडलं. एक माणूस खिडकीकडं गेला, दुसरा बाहेरच गेला. पिशव्यांत पाणी साचलेलं, मेथी काळी, पेरूजवळची शेपू पिवळीधमक. मी एक-एक पिशवी टेबलावर ठेवत गेले आन सांगत गेले, ही धुऊन मेली, ही गुदमरून मेली, ह्या मुळ्याला त्याच्याच पाल्यानं मारलं. आन ही कोंडाबाईनं मारली म्हणता तुम्ही, ती तर देवणीला बसली हाय.

मी दोन ढीग घातले, एक माझ्या टोपल्यातला, एक कपाटातला. सुलभा मॅडमना म्हटलं, भिंतीकडं तोंड करा. त्या कॅलेंडरकडं बघत उभ्या राहिल्या. माझ्या ढिगावर हात ठेवला, विचारलं, हा कुणाचा. मॅडम म्हणल्या, वैशालीचा. मी काही केलं न्हाई ताई, मॅडमची पाठ होती माझ्याकडं, डोळा मारायचा तरी कसा. फक्त खोकले एकदा. थंडीचे दिवस होते.

वैशालीताईंच्या मांडीवर टोपलं ठेवलं. म्हटलं, ही माझ्या खोलीतली, वास घ्या. त्यांनी घेतला, घेणार न्हाई तर काय, सगळे बघत होते. म्हटलं, कशाचा येतो. म्हणल्या, मेथीचा. अजून. मातीचा. अजून. त्यांनी परत टोपल्यात नाक घातलं. मी हलले न्हाई. शेवटी खाली बघत म्हणल्या, कशाचाच न्हाई, चाची.

त्याच मीटिंगमध्ये अंगठे खाली आले, एकोणीस घरं पुढच्या हंगामालाही राहिली, तीन गेली, जाऊ द्या. कोंडाबाईचं कारलं ह्यांच्याच पोटात गेलं. आन पोती परत माझ्या दारात. मी एकच अट घातली, ज्याला वाटा पाहिजे त्यानं स्वतः यायचं, तासभर बसून पाला तोडायचा, आन माझ्या हातचा चहा घ्यायचा. सगळे येतात. वैशालीताईसुद्धा येतात, मुळ्याचा पाला आता माझ्यापेक्षा भारी तोडतात, हात चालतो त्यांचा. पण येताना पाण्याची बाटली आपली आणतात. चहा पुढं केला की म्हणतात, आत्ताच पिऊन आले चाची. दर बेस्तरवारी. मी पण दर बेस्तरवारी त्यांच्या नावाचा एक कप टाकते, त्यांच्यापुढं ठेवते, तो तिथंच निवतो, मग त्या गेल्यावर मी पिते. दोन-दोन कप होतात, पित्त वाढतं माझं. तरी टाकते. बघू कोण आधी थकतं. खुदा त्यांच्या घरात सगळं हिरवं ठेवो, मी त्यांच्या वाट्यातलं एक पानसुद्धा कधी कमी केलं न्हाई, करणारही न्हाई.

झालं, एवढंच. आन ताई, तुमचा कपही मघापासून तसाच हाय, साय धरली त्याच्यावर. लिहिण्यात राहिला असेल. मी काही म्हणत न्हाई. प्या.