दोन बिघडवणारे डॉक्टर

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई स्वतःच्या खुब्याचा एक्स-रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कान मात्र शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सुताराकडे आणि त्याच्या लेकीकडे.

"बाबा, खुबा बदलायचा हे तरी नक्की ना?"

"नक्की. रंधा मारायला पाय रोवता येत नाही. डागडुजी खूप झाली."

"मग मोठ्या डॉक्टरांत काय खोट आहे? हजार ऑपरेशनं केलीत त्यांनी."

"मी विचारलं, बिघडली किती? म्हणाले, एकही नाही."

"चांगलंच की."

"मग इथल्याच धाकट्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गेल्या वर्षी दोन. एकीचा पाय आखूड झाला. एकाचा खुबा निखळला, तो पुन्हा उघडून बसवला. दोघांनाही अजून बोलावून तपासतात."

"आणि तुम्हाला हेच हवेत?"

"अगं, चाळीस वर्षं दारं बसवतोय मी. माझं एकही दार घासत नाही म्हणणारा सुतार पुन्हा बघायला गेलेलाच नसतो."

तेवढ्यात काउंटरवरून शिंपीणबाईंना हाक आली.

"मावशी, मोठ्या डॉक्टरांकडे जा."

शिंपीणबाई लंगडत काउंटरपाशी गेल्या.

"बाळ, मला त्या दोन बिघडवणाऱ्या धाकट्या डॉक्टरांकडे पाठव."